सनदेचा स्टँप

वकील व्हायला परीक्षा पास होणं पुरत नाही, आधी सरकारला पैसे भरावे लागतात, हे डोणगावात आमच्या घरी कुणाला पटेना. वकिलांच्या यादीत नाव चढवायचं तर मोठ्या रकमेचा स्टँपपेपर लागायचा. बार कौन्सिलची फी निराळी, पुढे धंद्यावरचा कर आणखी निराळा. सासूबाईंनी वांगी निवडता निवडता विचारलं, "कमावाच्या आंधीच कर? काऊन?" मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "बाजारात बैल उभा केला तरी पावती फाडा लागते. इकला नाही तरी." विषय तिथेच मिटला.

महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाली होती. कायद्याची परीक्षा मी लग्नाआधीच पास झाले होते. लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा मेहकरचे एक जुने वकील मला हाताखाली घ्यायला तयार झाले. दिवाळीपर्यंत सनद आण, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेईन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बाईला हाताखाली घेणारा दुसरा वकील त्या वेळी सगळ्या तालुक्यात सापडला नसता.

एवढ्या रकमेचा स्टँप बुलढाण्याच्या ट्रेझरीतच मिळे. मला उन्हात कशाला दगदग, म्हणून मिरचीचे पैसे घेऊन मामाजी एकटेच एसटीने गेले. परत आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टँप छातीशी धरून. त्याला चुणीसुद्धा पडली नव्हती. मी उलटून पाहिला. मागे घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं होतं. माझं सासरचं नाव.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, मंडळी हसतात, पेढे वाटतात. माझं नाव मामाजींनी निवडलं होतं. घरात आणि गावात मी त्याच नावाची. पण माझ्या सगळ्या सर्टिफिकिटांवर माहेरचं नाव होतं, आणि सनदेचा अर्जही मी त्याच नावाने भरला होता.

"मामाजी, मले काऊन नाही इचारलं?" मी ओरडलेच. सासऱ्यापुढे आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ.

"त्यानं इचारलं, कोनाच्या नावानं? म्या सुनेचं नाव सांगतलं. चुकलं काय?"

मेहकरच्या वकिलांनी सोपा मार्ग सुचवला. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र कर, दिवाळीआधी काम होईल. फक्त स्टँपवर आहे म्हणून सनदेवरही सासरचं नाव चढेल. मी नाही म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मला त्या नावाचा तिटकारा होता असं नाही, पण कुणी हाक मारली की ओ द्यायला अजूनही एक क्षण जास्त लागायचा. ज्या नावाने शिकले त्याच नावाने मला कोर्टात उभं राहायचं होतं.

स्टँप परत करायला मी आणि मामाजी कलेक्टर कचेरीत गेलो. अर्जावर सही स्टँपवरच्याच नावाची हवी होती. नको असलेल्या नावाची सही मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे केली. कारकुनाने कारण विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामाजी म्हणाले, "नाव आमीच ठेवलं होतं, साहेब. हिले इचारलं नव्हतं." कारकून म्हणाला, असं कारण लिहिता येत नाही. त्याने 'नजरचुकीने' असं लिहिलं.

थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळेपर्यंत दिवाळी उलटून गेली. वकिलांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याला घेतलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण त्यांना बोल लावता येत नव्हता.

तरीही आम्ही पुन्हा ट्रेझरीत गेलो. खिडकीतून प्रश्न आला, "नाव?" मी पुढे होणार तेवढ्यात मामाजींनीच सांगितलं. माझं माहेरचं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव, कुठेही न अडखळता, मोठ्याने. रांगेतले दोघे-तिघे वळून पाहू लागले. ते नाव मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. कारकून लिहीत होता आणि मला मामाजींचा संताप येत होता. माझं माहेरचं नाव ते विसरले असतील असं धरून मी इतके दिवस त्यांना माफ करत आले होते.