लिस्बनची नात आणि कोल्हापूरचा बटाटा

आमच्या शेजारच्या काकू कुजबुजल्या तरी रंकाळ्यापलीकडं ऐकू जातं. त्या आवाजाला घाबरून त्यांची लिस्बनची नात फोनवर तोंडच दाखवेना. शेवटी पोर्तुगीज सुनेनं तिच्या भाषेतली युक्ती शिकवली: लाडानं लहान करायचं तर शब्दाला ‘इन्या’ लावा, थोर करायचं तर ‘आंव’. झालं, गल्लीतलं मांजर ‘मांजरिन्या’ झालं आणि माझं पोट ‘पोटांव’.

बटाटा हा शब्दच मूळचा नातीकडचा, हे कळल्यावर काकूंनी परवा माझ्यादेखत चिमुकला बटाटा फोनसमोर धरला आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलल्या, “बटाटिन्या.”

तिकडं खिडकीच्या पडद्याआडून नात पुढं आली, खुदकन हसली आणि आजीकडं बोट करून म्हणाली, “बटाटांव.”

काकू थेट दारात गेल्या आणि गल्लीला म्हणाल्या, “ऐकलंसा न्हवं? मला मोठा बटाटा म्हणाली की.”

रंकाळ्यापलीकडंही ऐकलं असणार.