तंबूतल्या सोबत्याची साक्ष

बहारीनमध्ये चढण्यासारखं काही नाही. म्हणून आम्ही झिंजमधल्या एका अकरा मजली इमारतीचे जिने चढायचो, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक घेऊन. नेपाळमधल्या सहा हजार मीटरच्या एका शिखराची ती तयारी होती. मोहीम मी ठरवलेली. मी अकाउंटंट. चार वर्षं रजा साठवली, मिळेल ते वाचलं. तो शेवटच्या महिन्यात आला, कुणीतरी गळालं म्हणून. रत्नागिरीचा, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये फोरमन, माझ्यासारखाच साठीचा. आठव्या मजल्यावर मी कठडा धरून धापा टाकायचो, तेव्हा वरून आवाज यायचा, "यल्ला, चला साहेब! लिफ्ट पाठवू काय खाली?"

बाकीचे हसायचे. मीही हसायचो, आणि मनातून जळायचो.

बेस कॅम्पवर आम्ही दोघं एकाच तंबूत होतो. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तिथे तीन दिवस काढायचे होते. दिवसा वरच्या धारेपर्यंत चढायचं, झोपायला खाली यायचं. माझं डोकं ठणकायचं आणि अन्नाचा वास आला की मळमळायचं. तो दोन ताटं डाळभात जेवायचा, स्वयंपाक्याला कांदा चिरून द्यायचा. दोन दिवसांत सगळा कॅम्प त्याला 'चाचा' म्हणू लागला. मला कुणी काही म्हणत नव्हतं.

आमच्या गाइडची एक पद्धत होती. रोज सकाळी चहानंतर तो प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायचा आणि मग तब्येत विचारायचा, पण ज्याची त्याला नाही, तंबूतल्या सोबत्याला. स्वतःबद्दल सगळेच खोटं बोलतात, असं तो म्हणायचा. पहिल्या दोन्ही सकाळी माझा सोबती माझ्याबद्दल म्हणाला, "साहब एकदम फर्स्ट क्लास." मला उलट्या झाल्या होत्या आणि ती पिशवी त्यानेच बाहेर नेऊन टाकली होती. याचे उपकार वाटायला हवे होते. मला दिसत होते ते फक्त आकडे. त्याचा अठ्ठ्याऐंशी, माझा अठ्ठ्याहत्तर.

तिसऱ्या सकाळी स्टोव्ह लवकर पेटेना. कोमट पाणी मिळालं नाही म्हणून त्याने ओढ्याच्या गोठवणाऱ्या पाण्यानेच हातपाय धुऊन वजू केली आणि नमाज पढली. तो उठतो न उठतो तोच गाइड आला. चहा झालेला नव्हता. चिमट्यावर सहासष्ट आले. पुन्हा लावला, अडुसष्ट. सत्तरच्या खाली गेलं की माणूस खाली, असा गाइडचा नियम होता.

बोट गार असेल तर तो आकडा चुकतो, हे मला ठाऊक होतं. मी स्वतः रोज चहाच्या मगावर बोटं शेकूनच हात पुढे करायचो; त्या सकाळी ती काखेत धरून ठेवली होती. पण मी गप्प राहिलो. गाइड माझ्याकडे वळला. "रात को खाँसी थी इनको?"

नव्हती. मी म्हणालो, "थी. काफी थी."

"मी खोकलो?" त्याने मला विचारलं.

"झोपेत होतास. तुला कसं कळणार?"

त्याने ते खरं मानलं. निघताना खिशातली खजुराची पुडी माझ्या हातात दिली. "वर पोचलास की माझ्या वाटणीची एक खा."

मी शिखरावर पोचलो. परतल्यावर मराठी मंडळाच्या कार्यक्रमात फोटो दाखवत म्हणालो, की आमच्या एका सहकाऱ्याच्या फुप्फुसांना उंची मानवली नाही. तो पहिल्या रांगेत बसला होता. टाळ्या त्यानेच सुरू केल्या.

याला सात वर्षं झाली. यंदा पुन्हा एक गट निघाला आहे आणि त्याला जायचं आहे. त्याची मुलगी नर्स आहे. ती त्या रात्रीच्या खोकल्यावर बोट ठेवते आणि नाही म्हणते. हे कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि मुलीसमोरच सगळं सांगितलं.

मुलगी म्हणाली, "अंकल, हाऊ कुड यू?" आणि आत निघून गेली.

तो म्हणाला, "तुझ्यासाठी मी दोन सकाळी खोटं बोललो. तूही बोललास, माझ्याबद्दल." मग म्हणाला, "सात वर्षं मी जिना चढताना स्वतःचा श्वास ऐकतोय रे."

माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही माफी मागितली नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मुलगीही कशीबशी तयार झाली.

काल तो नवे बूट घालून इमारतीचे जिने चढताना दिसला. माझे गुडघे आता दोन मजलेही चढू देत नाहीत. मी खाली उभा राहून त्याची पावलं मोजत होतो. ती कुठेतरी थांबावीत असं मला वाटत होतं, हेही इथे लिहून ठेवतो. ती थांबली नाहीत.