कवटी घासून काढलेला ड्रम

दिघाशीकर मंडळी, मी इकडे मस्कतला गोदामात कामाला हाय. दुपारी आईला फोन केला, तेव्हापासून जीव थाऱ्यावर न्हाय.

गावात कावीळ पसरलीय म्हणून विचारलं, "पाणी उकळून पिता ना?"

"व्हय रे. भरायला निळा ड्रमपण आणलाय, केमिकलच्या गोदामातला."

"त्याच्यावर कवटीचं चित्र होतं काय?"

"व्हतं. बाळ घाबरायचं, म्हणून तुझ्या ताईनं घासून काढलं."

"अगं, उकळून कावीळ टळेल, पण ड्रममधलं विष न्हाय जात! इथे तसल्या ड्रमला आम्ही हातमोज्याशिवाय शिवत न्हाय."

"साबणानं धुतलाय, येड्या," म्हणून आई हसली आणि फोन कटला. आता कोणीच उचलत न्हाय.

भाचा दोन वर्षांचा हाय. कोणीतरी आत्ता आमच्या घरी जाऊन ते पाणी ओतून द्या रे. आणि तुमच्या घरातला ड्रम आधी कशाचा होता?