कडब्याच्या खोलीतलं सन दोन हजार

दार बाहेरून बंद झालं की ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे दाजी. लोक कुणाच्या घरी गेले की ख्यालीखुशाली विचारतात, पीकपाणी विचारतात. दाजी आधी कडी बघत. मग खिडकीचे गज हलवून पाहत, मान वर करून आढं न्याहाळत आणि घरमालकाला अगदी आपुलकीनं विचारत, "ह्ये दार भाइरून लागलं, तर आतल्या मानसांनी काय करायचं वो?" माझ्या चुलतभावासाठी कर्जतकडे मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा पोह्यांची बशी हातात असताना त्यांनी हाच प्रश्न मुलीच्या बापाला विचारला, आणि तो बिचारा काही बोलायच्या आत स्वतःच निकाल दिला, "हितनं सुटका न्हाई!" सोयरीक मोडता मोडता राहिली. परतीच्या वाटेवर सगळ्यांनी त्यांना धारेवर धरलं तर दाजींना खरंच कळेना की आपलं काय चुकलं. "आरं, मी घराची तारीफ केली," ते म्हणाले. "असली खोली लाखात एक घावती."

त्याचं कारण असं की दाजी पुण्याच्या एका स्टुडिओत चार-पाच वर्षं दिवे उचलायला होते. दिवे उचलता उचलता कॅमेऱ्यामागचं शिकले. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकानं त्यांना एक जुना चावीचा कॅमेरा देऊन टाकला. घड्याळासारखी चावी भरायची आणि ती उतरेपर्यंत चित्र घ्यायचं, असलं ते यंत्र. आवाज त्यात येत नसे. आला तर तो यंत्राचाच यायचा, हरभरा भरडल्यासारखा. तो कॅमेरा फडक्यात गुंडाळून दाजी तिसगावजवळच्या आपल्या गावी आले, पण मन काही आलं नाही. पुण्यातल्या एका सिनेमावाल्या साहेबांनी त्यांना शब्द दिला होता: घोडे नको, गाणी नको, एका खोलीत घडणारं असं काहीतरी करून आण, की बघणारा खुर्चीवरनं हलता कामा नये; मग तुला कायमचा हाताखाली घेतो. तेव्हापासून दाजींना जगात फक्त खोल्या दिसायच्या.

एस.टी.सुद्धा त्यांना खोलीच वाटे. पाथर्डीहून एकदा आम्ही परत येत होतो. गाडी खचाखच. दाजींनी शेजारच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याला हळू आवाजात सांगायला सुरुवात केली, "समजा, ड्रायवर येकाएकी गायब झाला. दार आडाकलं. काचंतनं भाइर बघितलं तर ना गाव, ना झाड, ना मानूस. जग संपलंय. आन् आत आपुन येवढे. पान्याचा फिरकीचा तांब्या येकच, आन् तो तुमच्यापाशी." म्हाताऱ्यानं फिरकीचा तांब्या पोटाशी धरला. मागच्या बाकावरच्या दोन बाया पुढच्या फाट्याला उतरल्या. त्यांचं गाव त्याच्या पुढं होतं. कंडक्टर आला आणि म्हणाला, "काका, गोष्ट सांगायची तर टपावर बसून सांगा."

आता थोडं माझ्याबद्दल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला आणि बी.ए. होऊन उतरलेला पहिला माणूस मी. हे मी सांगणारच, कारण नगरला खोलीवर हातानं भाकरी थापून मी ते मिळवलं होतं. निकाल लागला तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले आणि दाजींनी मला आपल्या गावी बोलावून काम दिलं. "बीएसाहेब, शिनेमाचं बोलनं तुमी लिव्हायचं." मी म्हटलं, "दाजी, कॅमेऱ्यात आवाज येत नाही ना?" तर म्हणाले, "आवाज येत न्हाई, पर व्हट दिसत्यात की!"

गोष्ट दाजींची होती. सन दोन हजार. पृथ्वीवरचं पाणी आटलंय. जे उरलंय ते सरकारच्या कुलुपात. माणसांना खोल्यांत कोंडलंय, आणि प्रत्येक खोलीच्या खिडकीशी एक पहारेकरी. बाटलीत भरलेलं पाणी दुकानात विकायला ठेवलंय, असंही एक दृश्य त्यांना घालायचं होतं, पण ते ऐकून पारावर बसलेले सगळे इतके हसले की दाजींनी ते काढून टाकलं. "पानी कोन इकत घेतंय, दाजी? जरा पटंल आसं लिव्हा."

हे सगळं बहात्तरच्या दुष्काळात चाललं होतं. दाजींच्या घरची कडब्याची खोली मोकळी पडली होती, कारण कडबाच नव्हता. बैल छावणीला गेले होते. मातीच्या भिंती, एक दार, एक गजाची खिडकी आणि धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, उजेडासाठी ठेवलेलं भोक, ज्याला आमच्याकडे साणं म्हणतात. दाजी त्या खोलीत पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा देवळात आल्यासारखे त्यांनी पायताण बाहेर काढून ठेवलं. दिवे नव्हते, म्हणून बिस्किटांच्या डब्याचे पत्रे ठोकून सपाट केले. ते पत्रे धरून उन्हात धाब्यावर बसायचं आणि साण्यातून आत ऊन पाडायचं. हे काम, बी.ए. असूनही, माझ्याकडे आलं.

खोलीत चार कैदी होते. पण त्यातला एक जण ऊसतोडीला निघून गेला, म्हणून दाजींनी गोष्टीत त्याला तहानेनं मारला. दुसरा खडीच्या कामावर लागला. तो वेडा होऊन मेला. तिसऱ्याच्या बायकोनं त्याला भरदुपारी दारातून ओढून नेलं, "हितं कोंडून घ्यायला बरं जमतंय, घरी थांब म्हनलं की पळतोस!" तो कसा मेला हे दाजींना शेवटपर्यंत सुचलं नाही. उरली एक रखमाआत्या, शेजारची. सत्तरीची, सुपारीएवढी, पण जिभेनं दांडगी. मी तिला वाक्य लिहून दिलं होतं: "हे निर्दय प्रहरी, या शुष्क कंठाची तुला कणव येत नाही काय?" तिनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "लेकरा, येवढं बोलाय तोंडात थुका आसंल, तर पानी कशाला मागू?"

पहारेकरी मात्र दाजींना गावात आयता मिळाला. तात्या मुकादम. दुष्काळी कामावर खडीचे ढीग मोजून घेणारा, ढिगात माती दिसली की ढीग पायानं उधळून लावणारा. त्याला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. दाजी म्हणत, "ह्याला काम शिकवावं लागत न्हाई, नुस्तं खिडकीत हुबा करायचा." शेवटचा प्रसंग असा होता: म्हातारी पाणी मागते, पहारेकरी तिच्या डोळ्यांसमोर भरला तांब्या जमिनीवर ओततो, आणि दार कायमचं बंद. दाजी हे सांगायला लागले की त्यांच्याच अंगावर काटा यायचा. "ह्ये बघून सायेब खुर्चीवरनं हालला, तर मी नाव बदलीन."

आमच्या अक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, सिनेमाचं कौतुक नव्हतं. तिला एकच ठाऊक होतं: हा सिनेमा साहेबांना आवडला की पुण्याला जायचं, आणि पुण्यात नळ आहेत. टँकर यायचा तेव्हा ती हंडा घेऊन वेशीपाशी रांगेत उन्हात उभी असायची, कधी कधी अर्धा हंडा मिळायचा. ट्रंक तिनं केव्हाच भरून ठेवली होती. मला म्हणाली होती, "भाऊ, नळाखाली हंडा ठिवायचा आन् निवांत बसून तो भरताना बघायचा. येवढंच बघायचंय मला पुन्यात."

रिळं दाजींनी लग्नाची फिल्म काढणाऱ्या एका ओळखीच्याकडून मिळवली होती, उरलेसुरले तुकडे. शेवटच्या प्रसंगासाठी डब्यात एकच तुकडा उरला होता. चुकलं तर पुन्हा नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तालमी भरपूर झाल्या, पण कोरड्या. तात्या रिकामा तांब्या उपडा करायचा, असा झोकात, की बघणाऱ्याला राग यावा. खरं पाणी फक्त चित्र घेताना. त्या दिवशी अक्कानं हंड्यातून तांब्या भरला आणि खिडकीशी नेऊन तात्याच्या हातात दिला. तो देताना तिची बोटं लवकर सुटेनात. "वताय देतीया," ती दाजींना म्हणाली. "पुन्याला नळ हाय म्हनून. न्हाईतर दिला नस्ता."

मी धाब्यावर पत्रा धरून पालथा पडलो, डोकं साण्याशी. खाली दाजींनी चावी भरली. "चालू!" हरभरा भरडायला लागला. मी वरून वाक्य सांगितलं, "हे निर्दय प्रहरी..." रखमाआत्यानं माझ्याकडे काडीचं लक्ष दिलं नाही. गजाला धरून ती म्हणाली, "तात्या, लेका, घोटभर पानी दे रं. सकाळपास्नं घेतलं न्हाई. खरी तहान लागल्याबिगर मला मागाय यायचं न्हाई, म्हून बसले तशीच."

तात्यानं तांब्या कलता केला. दोन-चार थेंब मातीवर पडले आणि तो थांबला. त्या ओल्या डागाकडं बघत राहिला, जणू कुणी त्याच्या ढिगातली खडी चोरली होती. मी वरून ओरडलो, "ओत, तात्या! ओत!" तात्यानं थेट वर, साण्याकडं बघितलं. "तू गप रं, बीए!" आणि गजातून हात आत घालून त्यानं तांब्या म्हातारीच्या पुढं केला.

म्हातारीनं तांब्या घेतला, पण प्याली नाही. इतक्या तहानेतसुद्धा तिची रीत सुटली नाही. "तू घे आधी," ती म्हणाली. "कवाचा उन्हात हुबा हायस." तात्या नको म्हणाला. ती म्हणाली, "घे म्हन्ते ना." मग त्यानं वरून एक घोट तोंडात सोडला, आणि ती नंतर प्याली, डोळे मिटून, सावकाश.

मी दाजींकडं बघत होतो. त्यांनी कळ सोडली असती तर कॅमेरा थांबला असता, तुकड्यातलं थोडंफार वाचलं असतं, तात्याला दरडावून पुन्हा उभा करता आला असता. दाजींनी कळ सोडली नाही. रीळ संपून आत फटफट वाजायला लागलं तरी त्यांचा डोळा कॅमेऱ्यालाच होता. अखेर ते सरळ झाले आणि जन्मात प्रथमच म्हणाले, "दार उघडा रं."

रिळं धुवायला आणि साहेबांना दाखवायला दाजी पुण्याला गेले. परत आले तेव्हा टँकर लागलेला होता, अक्का रांगेत होती, मी तिच्याजवळ उभा होतो. दाजींच्या काखेत डबा तसाच होता. त्यांनी डबा माझ्याकडं दिला आणि अक्काच्या हातातला हंडा घेतला.

"काय म्हनले सायेब?" अक्कानं विचारलं.

"बाकी झ्याक, म्हनले. शेवट चुकला. बदलून आन, म्हनले."

"मंग?"

"मंग काय. दुसरा शेवट न्हाई माझ्यापाशी."

रांगेतल्या बाया कुजबुजल्या. अक्का रांगेतून निघाली. ती बाजूला सावलीत जाऊन बसली आणि हंडा भरताना बघत राहिली. त्या दिवसापासून घरचं पाणी दाजींनी आणलं. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष, डोक्यावर चुंबळ आणि तोंडानं चालू, "समजा, ह्यो टँकर येकाएकी गायब झाला..." बाया म्हणायच्या, "दाजी, गप बसा, खरंच व्हईल!"

सिनेमा गावात एकदा लागला. बाजाराला आलेल्या तंबू टॉकीजवाल्याचं लहान मशीन, दिवेलागणीची वेळ, भिंतीवर धुतलेलं धोतर. मी कर्णा घेऊन सगळ्यांचे संवाद म्हणत होतो आणि लोक माझ्या मराठीला मनमुराद हसत होते. शेवटचा प्रसंग आला. माझ्या कागदावर होतं, "या जगात आता दया उरलेली नाही." पडद्यावर तात्याचा हात गजातून आत चालला होता. मी कर्णा खाली ठेवला. अंधारातून कुणीतरी बाई म्हणाली, "दे की रं तिला." त्यानं दिलं, आणि सगळ्या मैदानानं एकदम श्वास सोडला. तात्या मान खाली घालून बसला होता. पुढं कित्येक दिवस खडीवरची पोरं त्याला हाक मारायची, "मुकादम, पानी पाजा की!" आणि तो शिव्या द्यायचा, पण पहिल्यासारख्या लागत नसत.

दाजींनी पुन्हा सिनेमा केला नाही. पाथर्डीत ओळखपत्राचे फोटो काढायचं दुकान टाकलं. तिथंही गिऱ्हाइकाला पडद्यामागं बसवून विचारायचे, हे दार बाहेरून लागलं तर? गावात नळ आला, तो बघायला दाजी होते. सन दोन हजार बघायला राहिले नाहीत. ते साल आलं तेव्हा मी अक्काकडे गेलो होतो. वाटेत फाट्यावर टपरीत बाटलीतलं पाणी विकायला होतं. मी ते विकत घेतलं, आणि पारावरचं ते हसणं कानात वाजलं.

कडब्याच्या खोलीत तो डबा अजून होता. उन्हाळ्यांनी रिळं चिकटून गेली होती. वरचा, शेवटचा तुकडा तेवढा सुटला. मशीन आता कुठलं? मी तो साण्यातून पडणाऱ्या उन्हात धरला. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. गज, हात, तांब्या. पुढच्यात हात जरासा आत. त्याच्या पुढच्यात आणखी जरासा. अक्का माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला आता नीट दिसत नाही.

"पोचला का रं हात?" तिनं विचारलं.

"पोचतोय, अक्का," मी म्हटलं, आणि तुकडा हळूच वर सरकवला.