मुलाखतीत मी विचारायला लावलेला प्रश्न

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटतेय.

मी चॅनेलवरच्या मोठ्या मुलाखतींसाठी प्रश्न काढते. आज मुठा गावात एका ज्येष्ठ नटाच्या घरी शूटिंग होतं. चहा देताना त्यांच्या पत्नींनी मला बाजूला घेतलं. "बाई, सगळं इचारा, पण आमच्या गेलेल्या पोराचं तेवढं काढू नका. त्यांना सोसायचं न्हाई." मी हो म्हणाले.

पण मुलाखत रंगेना. शेवटी मीच मुलाखतकाराच्या इअरफोनमध्ये सांगितलं, "मुलाचं विचारा."

ते बोलता बोलता ढसाढसा रडले. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला. चला, एपिसोड जमला, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या काकू दिसल्या. त्या नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

निघताना ते डोळे पुसत मला म्हणाले, "नीट आलं ना? न्हाईतर परत करू."

परतताना वाटेत गाडी थांबवून मी प्रोड्युसरला फोन केला, तेवढा भाग काढा म्हटलं. तो हसला. "अगं, तोच तर प्रोमो आहे."

प्रोमो लागायच्या आधी काकूंना फोन करायलाच हवा. पण काय सांगू त्यांना?