मोताळ्याच्या बाजारात निंबोळीचं तेल

माझं अक्षर किरटं आहे, आणि चौथीत शाळा सुटली तेव्हापासून ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तसाच आहे. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर सांभाळून घ्यावं. पण हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

दरवर्षी मी निंबोळ्या वेचून, वाळवून गावच्या व्यापाऱ्याला द्यायची. तो किलोला पंधरा रुपये द्यायचा आणि तेल काढून कपाशीवाल्यांना अडीचशे रुपये लिटरनं विकायचा. यंदा ठरवलं, तेल आपणच काढायचं. माझ्या एकटीच्या निंबोळ्या पुरणार नव्हत्या. नांदुऱ्याच्या नणंदेनं शिलाई मशीनसाठी चार हजार जमवले होते, ते दसऱ्याआधी देते म्हणून घेतले आणि शेजारणींचाही माल विकत घेतला. घाण्यावर वीस लिटर तेल निघालं. तो कडू वास नाकात शिरत होता आणि मला आपलं हसू येत होतं.

मोताळ्याच्या बाजारात बसले खरी, पण ओरडून गिऱ्हाईक बोलवणं माझ्याच्यानं होईना. पहिल्या बाजारी दोन लिटर गेलं, तेही एकाच माणसाला. दुसऱ्या बाजारी तोच उरलेली बाटली घेऊन परत आला.

"काय मिसळलं हो बाई यात? पंपात तेल वर अन् पाणी खाली. नुसतं पाणीच फवारून राह्यलो."

लोक थांबले. नणंदेची मशीन बुडाली, एवढंच मनात. मग ध्यानात आलं, विकताना मी लाजेपायी त्याला काही सांगितलंच नव्हतं. हळूच विचारलं, "दादा, साबण टाकला होता का?"

"काऊन? पऱ्हाटीले आंघोळ घालाची हाय का?"

कपाशीच्या आंघोळीवर सगळे हसले. मी शेजारच्या मिरचीवालीची बादली मागून घेतली, समोरच्या दुकानातून धुण्याच्या पावडरची पुडी आणली. थोड्या पाण्यात पावडर कालवली, तेलाची बारीक धार सोडत काडीनं ढवळत राहिले, मग वरून पाणी ओतलं. बादली दुधासारखी पांढरी झाली. वर तेलाचा थेंबही तरंगेना.

त्यानं वाकून बोट बुडवलं. "हे पहिलेच सांगाले काय झालं होतं, ताई?"

त्यानं तिथंच पाच लिटर घेतलं. बादलीभोवती गर्दी झाली. मी प्रत्येकाला साबणाचं सांगत होते, इतकं मोठ्यानं की मिरचीवाली म्हणाली, तुमच्या आवाजानं माझी गिऱ्हाइकं तिकडं चालली.

पुढच्या दोन बाजारांत तेल संपलं. घाण्यावर उरलेली पेंड एका संत्र्याच्या बागवाल्यानं खताला नेली. शेवटच्या बाजाराहून मी तशीच नांदुऱ्याची गाडी धरली. नणंद नोटा न मोजताच डब्यात ठेवू लागली. मी तिचा हात धरला आणि मोजायला लावल्या. चार हजार. दसऱ्याला अजून पंधरा दिवस होते, आणि तिचा एक रुपयाही माझ्याकडे उरला नव्हता.