नांदगाव दरबारचं तिकीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

ऐंशीच्या दशकात भिलाईत आम्ही चार-पाच जण जुन्या संस्थानांची पोस्टाची तिकिटं जमवायचो. त्यातली सरकारी तिकिटं, म्हणजे दरबारच्या कामाच्या टपालावर लागायची ती, हा माझा विषय. जवळच्याच नांदगाव संस्थानाची साधी तिकिटं माझ्याकडे होती. सरकारी एकही नव्हतं. साध्या तिकिटावर राजाच्या आद्याक्षरांचा जांभळा, लंबगोल शिक्का हाताने मारला की ते सरकारी व्हायचं. एवढाच फरक. आणि हाताने मारलेला शिक्का खरा की बनावट, हे सांगणार कोण? आमच्यात — मीच.

एका रविवारी पोलाद कारखान्यात माझ्याच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, काम करणारा सुधाकर तसं तिकीट घेऊन आला. त्याचे आजोबा नांदगावच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी ते आपल्या मुलाला, म्हणजे सुधाकरच्या बापूंना दिलेलं. मी भिंग लावलं. तिकीट अस्सल होतं. पहिल्या नजरेतच कळलं होतं — मग इतका वेळ भिंग धरून कशाला बसलो होतो?

"नकली आहे," मी म्हणालो.

सुधाकर हसला. "म्हणजे आजोबानं बापूले चांगलंच गंडवलं!"

घरी ही गंमत फार चालली असावी. कारण काही दिवसांनी म्हातारे बापू ते तिकीट घेऊन, रिक्षा करून हुडको वसाहतीतून माझ्या क्वार्टरवर आले. "भाऊ, माहा बाप खोटं बोलणारा नव्हता. एक डाव अजून पाहून घ्या ना." तेव्हा तरी सांगता आलं असतं. नाही का? मी पुन्हा भिंग घेतलं आणि पुन्हा तेच म्हणालो. त्यांनी चहा घेतला नाही. "ठेवा मंग तुमच्यापाशीच. घरी पोट्टे हासून राहिले."

मी ठेवून घेतलं.

पुढे दुर्गच्या प्रदर्शनात ते काचेखाली लावलं — माझ्या संग्रहातलं म्हणून. ते दोघे येतील असं वाटलं नव्हतं. सुधाकर बापूंना हाताला धरून घेऊन आला. "पाहा बापू, असली असं रायते. आपलंही हुबेहूब असंच होतं ना?"

बापू वाकले. बराच वेळ पाहत राहिले. जन्मभर जपलेली वस्तू माणूस ओळखणार नाही? मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली.

"हो बापा," ते मुलाला म्हणाले. "हे असली हाय."

एवढंच.

बापू आता नाहीत. तिकीट माझ्याकडेच आहे. सुधाकरच्या घरात त्याचे आजोबा अजूनही खोटारडे आहेत.